ज्या बाटलीला नाव होतं

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. जुनी म्हणजे पाच वर्षांची. हसू नका! आमच्या फळीवर पाच वर्षं टिकणं म्हणजे खायचं काम नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिथं दोन गाळण्या, एक वजनकाटा आणि एक मांजर येऊन गेलंय. माझी काच तपकिरी, झाकण काळं आणि पोटात हिरवं मीठ. जेवणातलं नाही हं, लोखंडाचं मीठ. छातीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात ‘लोह, हिरवं’. त्या एवढ्याशा चिठ्ठीपायी माझ्यावर काय काय आळ आला तेच तुम्हाला सांगायचंय. आणि आधीच कबूल करते, मीही काही साधीभोळी नाही. त्या तीन दिवसांत मी सगळ्यांवर संशय घेतला. सगळ्यांवर! फक्त एकाला सोडलं, आणि नेमकं तिथंच चुकलं.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

माझी काच कुठल्याशा भट्टीतली, तिचं मला काही आठवत नाही. पण पोटातल्या मिठाचा जन्म मला पक्का ठाऊक आहे. लोखंडाचा गंजासारखा लाल चिखल घेतला, तो लिंबूसत्त्वात विरघळवला, वरून नाक झोंबणारा अमोनिया घातला, आणि आटवून वाळवल्यावर हिरव्या चकचकीत पापड्या झाल्या. म्हणजे बघा, लोखंड माझ्या वडिलांकडचं आणि लिंबूसत्त्व आईकडचं. लिंबूसत्त्व माझं आजोळ! हे विसरू नका, पुढं लागणार आहे.

मग मी एका रसायनवाल्याच्या दुकानात आले. माझ्या शेजारी माझाच चुलतभाऊ बसायचा, तपकिरी मीठ. त्याच्यात लोखंड जास्त, म्हणून तो फार फुशारक्या मारायचा. एके दिवशी बोटांची टोकं काळी पडलेली एक बाई आली. रसायनवाल्यानं लगेच चुलतभावाला पुढं केलं.

“हा तपकिरी न्या ताई. लोखंड भरपूर.”

“लोखंड भरपूर घेऊन काय करू, खिळे पाडू?” ती म्हणाली. “मला उजेडाचं पटकन ऐकणारं हवंय. हिरवं द्या.”

काय खूश झाले मी! चुलतभावाचं तोंड असं उतरलं की विचारू नका.

तर ही आमची ताई. ती हातानं फोटो छापते, चांदीचे, तपकिरी रंगाचे. पुढच्या खोलीत तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, चौकटी बनवतो. मधल्या घरात वहिनी असतात, दादाची बायको. मागची खोली ताईची आणि आमची. तिथं एकच पिवळा दिवा, एक लांब टेबल, तीन तसराळी आणि आमची फळी.

आमचं काम कसं चालतं सांगू? माझ्यातलं चमचाभर मीठ पाण्यात, त्यात चांदीचं पाणी, आणि ते ब्रशनं कागदावर. कागद वाळला की त्यावर फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, दाबून बसवायची आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. ऊन लागलं की मी बदलते, आणि बदलता बदलता शेजारच्या चांदीचा हात धरून तिला कागदावर बसवते. जिथं ऊन जास्त, तिथं चांदी जास्त. बस, चित्र तयार!

पण खरी गोष्ट पुढंच आहे. चांदी बसली की मी तिथून निघायचं. चांगल्या चित्रात मी नसते, मित्रांनो. मी कागदात मागं राहिले तर महिन्या-महिन्यानं त्याच चांदीला कुरतडते. वाईट वाटतं सांगायला, पण स्वभाव आहे. म्हणून पहिल्या धुण्याच्या पाण्यात ताई चिमूटभर लिंबूसत्त्व टाकते. आजोळचं माणूस न्यायला आलं की मी लगेच पिशवी उचलते! नुसत्या पाण्याला मात्र मी सहजासहजी दाद देत नाही.

हे लिंबूसत्त्व एका काचेच्या बरणीत असायचं. पांढरी पूड. बरणीवर चिठ्ठी नाही, कारण ताईचा नियमच तसा. चांदीच्या पाण्याला चिठ्ठी, मला चिठ्ठी, लाल खड्यांना तर दोन चिठ्ठ्या. लिंबूसत्त्वाला नाही.

दादानं एकदा विचारलंही होतं. तर ताई म्हणाली, “चिठ्ठी परक्यांना लावायची. घरच्यांना कसली चिठ्ठी? उद्या तुझ्या कपाळावर ‘दादा’ लिहू का?”

“लिही बाई. निदान तुझी वहिनी तरी वाचेल.”

आतून वहिनी म्हणाल्या, “वाचते की रोज. ‘चहा पाहिजे’ एवढंच लिहिलेलं असतं.”

चार वर्षं अशी मजेत गेली. मी बाळांचे पाय छापले, होड्या छापल्या, एका गिरणीतल्या साठ कामगारांचा घोळका छापला. ग्रंथालयाच्या भिंतीवर आमची चित्रं लागली तेव्हा ताईनं घरी येऊन मला पुसलं आणि “हिरवे, नाव काढलंस” म्हणाली. त्यानंतरचे दोन दिवस मी फळीवर जरा पुढंच सरकून बसले होते.

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळीच घड्याळजी आले. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, कपाळावर भिंग चढवलेलं. सहा महिन्यांपूर्वी ताईनं त्यांना त्यांच्या गेलेल्या बायकोचा फोटो छापून दिला होता. त्यात काकू हसत होत्या, आणि पुढचा एक दात पडलेला म्हणून हात अर्धवट तोंडावर धरला होता. मीच तर छापला होता! सुरेख आला होता. त्यांनी तो कागदातून काढून टेबलावर ठेवला.

सगळा कागद पिवळा पडला होता. केस होते, पदर होता. चेहरा मात्र धुरकट. चित्रातला फिका भाग आधी जातो ना, म्हणून हसू सगळ्यात आधी गेलं होतं.

“काका, हे...” ताईनं बोटानं तो धुरकट चेहरा पुसून बघितला.

“तुम्ही म्हणाला होता, नातवंडं बघतील,” घड्याळजी म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “सहा महिने झाले, बाई. ती दुसऱ्यांदा गेली.”



“गुरुवारी दुपारी मी लेकीकडे राहायला चाललोय, कायमचा. माझी फोटोची काच परत द्या.”

ती काच एकुलती एक होती. दुसरी प्रत नाही, दुसरा फोटो नाही. ताईनं ती कपाटातून काढली, पण हातातून सोडली नाही. “गुरुवारपर्यंत द्या मला. एकदाच.”

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि तिच्याकडे असं बघितलं जसं बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतात. “देतो. पण मी इथंच बसणार. सगळं माझ्या डोळ्यांसमोर करायचं.”

आणि खरंच स्टूल ओढून बसले की!

झालं, तिथून घरात संशयाचं भूत शिरलं. दादा आला, त्यानं फोटो बघितला आणि थेट माझ्याकडे बोट केलं. “ही हिरवी. दुसरं कोण? चार वर्षांचं मीठ ते, खराब झालं असणार.”

“मला तर ते हिरवट बघूनच मळमळतं,” वहिनी दारातून म्हणाल्या.

बघा म्हणजे! ग्रंथालयाच्या वेळी ‘आपली हिरवी’ आणि आता ‘ते हिरवट’! मग मनात माझंही चक्र सुरू झालं. वहिनी दुपारी फळी पुसायला येतात त्या का? माझं झाकण त्या दिवशी सैल कुणी ठेवलं होतं? कागदवाल्यानं कागद बदलला असेल का? चांदीचं पाणी हल्ली माझ्याशी बोलत नाही, ते का? एकेकाकडे मी असं बघत होते की बास. ताई मला हातात घेऊन उजेडाकडे धरून वळवत होती, घड्याळजी ताईकडे बघत होते आणि मी वहिनींकडे.

संध्याकाळच्या आत ताईनं रसायनवाल्याला निरोप धाडला, आणि बुधवारी सकाळी तो स्वतः नवी बाटली घेऊन हजर. काळ्या कागदात गुंडाळलेली, वर लाखेची मोहर. ऑक्झॅलेट! तेही लोखंडाचंच मीठ, पण दुसऱ्या घराण्यातलं. दादानं बघताक्षणी त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं.

“साहेबांचं काळं बघाल तर कोळसा फिका पडेल,” रसायनवाला म्हणाला. “फक्त उन्हातून आल्यावर चित्र अंधूक दिसतं. ते वेगळ्या द्रावणात बुडवायचं, मग उठून येतं. जरा नखरे आहेत, आणि ताजं वापरायचं.”

“आणि हिला?” ताईनं माझ्याकडे मान केली.

“मोरीत ओता.”

मोरीत! ऐकलंत? ज्यानं चार वर्षांपूर्वी मला पुडक्यातून ओतून भरलं, तोच!

साहेबांना माझ्या शेजारीच ठेवलं. मी त्यांना न्याहाळू लागले. इतकी मोहर कशाला लागते? काय लपवायचंय? मला तर पहिल्यापासूनच त्यांचं लक्षण ठीक दिसेना.

घड्याळजी स्टुलावरूनच म्हणाले, “ओतण्याआधी तपासत नाही का तुम्ही? मी घड्याळ न उघडता फेकत नाही.”

तपासायची रीत होती. बिघडलेल्या लोहमिठावर लाल खड्यांच्या पाण्याचा थेंब टाकला की झरकन गडद निळं होतं. ऊन न बघताच ते आतून बदलून बसलेलं असतं ना, ते त्या निळ्यात पकडलं जातं. ताईनं पांढऱ्या बशीत दोन थेंब ठेवले, एक माझा, एक साहेबांचा. दादा वाकला, वहिनी वाकल्या, घड्याळजींनी भिंग लावलं. मी म्हणत होते, साहेब निळे होऊ देत, निळे होऊ देत, शाईसारखे निळे होऊ देत!

पहिला लाल थेंब माझ्यावर पडला. निळा नाही.

दुसरा साहेबांवर. तोही निळा नाही.

“दोघेही चांगले,” ताई पुटपुटली, आणि तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी आणखी पडला. कारण मग चोर कोण? आणि मला साहेबांची थोडी लाज वाटली. थोडीच.

तरी दादा ऐकेना. “बशीत काय, सगळेच सज्जन असतात. कागदावर बघ.”

मग ताईनं दोन कागद केले, एक माझा, एक साहेबांचा. काकूंच्या काचेवर ती प्रयोग करणार नव्हती, म्हणून एक जुनी होडीची काच घेतली. दोन्ही कागद एकाच गच्चीवर, एकाच उन्हात. माझं चित्र तिथंच तपकिरी उमटलं. साहेबांचं त्यांच्या द्रावणात बुडवल्यावर असं काही उठून आलं की खरं सांगते, मीही बघत राहिले. मग दोन्ही कागद पहिल्या पाण्यात गेले. ताईनं बरणीतून चिमूट चिमूट पूड टाकली. मग पुढची पाणी, मग दोरीवर.

वाळल्यावर दोन्ही सुंदर दिसत होते. रसायनवाला असता तर टाळ्या वाजवून गेला असता. पण घड्याळजी उठले, टेबलावरचा एक कोरा कागद घेतला आणि चित्रांच्या पांढऱ्या कडेला लावला.

“बाई, हा पांढरा. आणि हे काय?”

कडा पिवळसर होत्या. लोण्यासारख्या, अगदी हलक्या. दोन्हींच्या!

“मला वाटायचं, कागदाचाच रंग,” ताई म्हणाली. “सहा महिने मला वाटतंय, कागदाचाच रंग.”

“हे बघा,” घड्याळजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार नव्हती, कामातला माणूस कामाबद्दल बोलतो तसा तो होता. “माझ्याकडे दोन वेगळी घड्याळं आली, दोन वेगळ्या घरची, आणि दोन्ही रोज दहाच मिनिटं मागं पडायला लागली, तर मी घड्याळं खोलत नाही. मी माझ्या भिंतीवरचं घड्याळ तपासतो. या दोघांना मिळून काय लागलं?”

“ऊन. कागद. पाणी.”

“पाण्यात?”

“पाण्यात काही नाही. लिंबूसत्त्व तेवढं.”

“कुठंय?”

ताईनं बरणी दाखवली. घड्याळजींनी ती फिरवून फिरवून बघितली. “यावर नाव नाही.”

“त्याला कशाला? ते घरचंच...”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. घड्याळजींना बिनदुधाचा लागतो, म्हणून बशीत लिंबाची फोड. बरणी त्यांच्या हातात बघून वहिनी सहज म्हणाल्या, “ती मी भरून ठेवली होती हो. बरीच आहे अजून.”

ताई गर्रकन वळली. “तू भरलीस? कधी?”

“अगं, मागं नाही का, किटलीला आतून पांढरे खवले धरले होते. तूच म्हणालीस, लिंबूसत्त्वानं निघतात. मी बरणी नेली, सगळं संपलं माझ्याकडून. मग तुझं उसनं नको का परत करायला? माझ्या डब्यातलं भरलं. तसलंच पांढरं. त्यानंही किटली निघतेच की.”

“वहिनी, डब्यातलं म्हणजे काय?”

“धुण्याचा सोडा.”

घड्याळजींनी बशीत चिमूटभर पूड घेतली आणि त्यावर लिंबाची फोड पिळली.

फस्स!

फेस बशीच्या काठापर्यंत आला.

मित्रांनो, माझं आजोळ त्या बरणीत नव्हतंच! सहा महिने तिथं परकाच बसला होता. सोड्याच्या पाण्यात मी कागदातून निघत नाही, उलट गंज होऊन धाग्याधाग्यात रुतून बसते. साहेबही तसेच. आणि मी? मी वहिनींच्या हातावर संशय घेतला, साहेबांच्या मोहरेवर घेतला, चांदीच्या अबोल्यावर घेतला. त्या बरणीकडे एकदाही डोळे वर करून बघितलं नाही. का? तर ती आपली. जी चूक ताईची, तीच माझी.

वहिनींनी ट्रे टेबलावर टेकवला. “म्हणजे काकूंचा चेहरा... मी?”

“तू नाही,” ताई म्हणाली. “तू उसनं परत केलंस. मी नाव लिहिलं नव्हतं.” मग माझ्याकडे बघून जरासं हसली. “जिला नाव ठेवलं, तिलाच सगळ्यांनी नावं ठेवली.”

दादानं माझ्याकडे न बघता माझी चिठ्ठी अंगठ्यानं सरळ केली. त्याची माफी मागायची पद्धत तीच. वहिनींचीही तो अशीच माफी मागतो, चहाचा कप स्वतः विसळून.

गुरुवारी सकाळी नवं लिंबूसत्त्व आलं. वहिनी स्वतः जाऊन घेऊन आल्या, आणि पुडी फोडल्या फोडल्या पहिली चिमूट ताईनं ओल्या सोड्यावर टाकून फस्स करून दाखवली, तेव्हाच त्या दारातून आत आल्या. आता निवड राहिली होती. ताईनं कालची दोन्ही चित्रं घड्याळजींपुढं धरली. “साहेबांचं जास्त काळं येईल, जास्त खोल. हिरवीचं असं तपकिरी. तुम्ही सांगा.”

साहेबांचं चित्र खरंच देखणं होतं, खोटं कशाला बोलू.

घड्याळजींनी दोन्ही चित्रं आळीपाळीनं भिंगाखाली धरली. “ती उन्हातली होती,” शेवटी म्हणाले. “सावळी. ह्या काळ्यात ती कुणा मोठ्या घरची दिसेल. आमच्या घरची नाही दिसणार.” आणि माझ्या चित्रावर बोट ठेवलं.

मी त्या दिवशी कामाला लागले ते असं की जणू पहिल्यांदाच! गच्चीवर काकू कागदावर उतरल्या, आधी केस, मग पदर, मग तो तोंडावरचा हात. पहिल्या पाण्यात आजोळचा हात लागला आणि मी निघाले. सगळी निघाले. एक कण मागं ठेवला नाही. घड्याळजींनी कडेला कोरा कागद लावला, भिंगातून बघितलं. पांढऱ्याला पांढरं लागलं.

तरी ते म्हणाले, “सहा महिन्यांनी बघू.” विश्वास असा एका सकाळीत परत येत नाही हो. दादानं चौकट बसवेपर्यंत ते उभेच होते. निघताना त्यांनी खिशातून पेन काढलं, एक चिठ्ठी फाडली, घड्याळावरचे आकडे काढावेत तशा सुबक अक्षरात ‘लिंबूसत्त्व’ लिहिलं आणि ती बरणीवर चिकटवली. मग काच आणि फोटो छातीशी धरून गेले.

ताईनं मग वही उघडली. त्या सहा महिन्यांत तिनं आणखी अकरा जणांना चित्रं दिली होती. ती एकेकाच्या दारात गेली, “माझं चुकलं, परत छापून देते” म्हणाली. दोघांनी दार लावून घेतलं, नऊ जणांनी काच आणून दिली. त्या नऊ चित्रांत माझं पोट रिकामं होत गेलं. आता तळाशी तीनेक चमचे उरलेत, त्यांचाही ओल लागून गोळा झालाय. साहेब शेजारी आहेत. आम्ही बोलतो आता. माणूस तसा बरा आहे.

आणि गेल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. सहा महिने नाही, चांगलं वर्ष उलटलं होतं. ताईनं ते वाचलं, मग वहिनींना दिलं, वहिनींनी दादाला. मग त्यांनी ते माझ्या मानेला टेकवून ठेवलं, म्हणून मलाही वाचता आलं. सुबक अक्षरात दोनच शब्द होते.

‘हसतेय अजून.’

म्हणून, मित्रांनो, एवढंच मागते. मला झाकण घट्ट लावून ठेवा, ओलीपासून जपा, हे तर आहेच. पण घरातल्या प्रत्येक बरणीला नाव लावा, आपल्या माणसाच्या हातची असली तरी. आधी नाव लावा, मग नावं ठेवा. आणि काही बिघडलं की सगळ्यांची बोटं ज्याच्याकडे वळतात, त्याला मोरीत ओतण्याआधी बशीत एक थेंब टाकून बघा.

माझ्या शेजारी आज सहा चिठ्ठ्या आहेत. सातवी वहिनींनी लावलीय, स्वतःच्या किटलीवर. त्यावर लिहिलंय, ‘किटली’. कुणाला शंका नको.